काकांची सही





आपल्या ग्वाल्हेरच्या शाळांत एक गोष्ट नेहमीच घडते. गणिताचा तास अगदी रंगात आलेला असतो आणि महाराजपुऱ्याच्या बाजूने मिराजचा गडगडाट येतो. शिक्षक खडू हातात धरून थांबतात, कारण त्या आवाजात बोलून काही उपयोग नसतो. मुलांच्या माना खिडकीकडे वळतात. विमान दिसेपर्यंत ते निघूनही गेलेले असते. मग वर्गात एकच प्रश्न उरतो, "आत कोण बसले असेल?"

यंदा ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, प्रार्थनेनंतर मी मुलांना विचारले, "मोठेपणी वायुसेनेत कोणाला जायचे आहे?" वीस-पंचवीस हात वर झाले. "तिथे जाऊन काय करणार?" यावर सगळ्यांचे एकच उत्तर आले, "विमान उडवणार!" विमान नीट करणार, असे म्हणणारे एकही मूल नव्हते. मला हसू आले. त्यांच्या वयाची असताना माझेही उत्तर हेच होते. माझ्या उत्तरात तर एक खोटेही मिसळलेले होते. त्या खोट्याची आणि ज्यांच्याविषयी ते बोलले, त्या माझ्या काकांची गोष्ट आज सांगायची आहे.

माझे धाकटे काका वायुसेनेत होते. १९६० साली मॅट्रिक झाल्यावर ते भरती झाले. लष्करमधल्या आमच्या जुन्या वाड्यातून एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि आजीने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन ते निघाले आणि थेट बंगळुरूजवळच्या जालहळ्ळीला पोहोचले. तिथे त्यांना शस्त्रविभागाचे काम शिकवण्यात आले. वायुसेनेच्या भाषेत ते 'आर्मामेंट फिटर' झाले. विमानाच्या तोफा साफ करणे, त्यांत गोळे भरणे, पंखांखाली रॉकेट आणि बॉम्ब बसवणे, त्यांच्या तारा आणि पिना तपासणे, हे त्यांचे काम. वीस वर्षे त्यांनी हेच केले. या वीस वर्षांत त्यांनी लढाऊ विमान एकदाही उडवले नाही. वायुसेनेतल्या बहुसंख्य माणसांची गोष्ट अशीच असते, हे मात्र मला फार उशिरा कळले.

थोडे मागे जाऊन पाहू. भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि तिची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे उभी राहिली. तुकडीजवळ 'वापिती' नावाची चार विमाने होती, मोजके अधिकारी होते आणि एकोणीस 'हवाई सिपाही' होते. त्या काळी एअरमनला हाच शब्द होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून हिशेब असा की आकाशात जाणारे थोडे आणि त्यांना आकाशात पाठवणारे पुष्कळ. कोणी इंजिन पाहणारा, कोणी पंख आणि चाके पाहणारा, कोणी वायरलेसवाला, कोणी पॅराशूटची घडी घालणारा, कोणी ट्रक चालवणारा, कोणी स्वयंपाकी, कोणी दवाखान्यातला मदतनीस. पुस्तकांत या लोकांची नावे क्वचितच येतात.

आपण ग्वाल्हेरकरांनी तरी हे विसरू नये. आपला 'लष्कर' हा भागच मुळी १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या फौजेच्या तळातून वसला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या फौजेबरोबर इथे आले. ते सगळेच काही तलवारबहाद्दर नव्हते. फौज म्हटली की तिच्याबरोबर नालबंद, लोहार, कारकून, भिस्ती, दारूगोळा सांभाळणारे असे सगळे आलेच. त्यांच्यावाचून घोडेस्वार एक मुक्कामही पुढे सरकला नसता. पण घराण्याचा इतिहास सांगायला बसलो की प्रत्येकाचे खापरपणजोबा सरदारच निघतात! माझ्या खोट्याचे मूळही तिथेच होते.

मी पाचवीत होते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे निबंधाचा विषय होता, 'मेरे परिवार का एक सदस्य'. मी काकांवर लिहिले आणि बिनदिक्कत ठोकून दिले की माझे काका लढाऊ विमान उडवतात, त्यांनी युद्धात शत्रूची दोन विमाने पाडली. बाईंनी 'शाबाश' असा शेरा दिला. निबंध प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवला गेला. आठ दिवस मी हवेतच होते.

त्याच सुमारास काका सार्जंट म्हणून निवृत्त होऊन घरी आले. आमच्या मोठ्या गुरुजींना ते कळले आणि त्यांनी २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला काकांना पाहुणे म्हणून बोलावले. मला ताप यावा म्हणून मी देवाची प्रार्थना केली. ताप आला नाही. काका निळसर राखी कोटावर पदके लावून मंचावर बसले. ओळख करून देताना गुरुजींनी माझ्या निबंधातली ती दोन विमाने पाडल्याची हकिकत मोठ्या कौतुकाने सांगितली. टाळ्या झाल्या. काका उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते हिंदीत म्हणाले, "बच्चो, एक गलती सुधार दूं. मैं हवाई जहाज उड़ाता नहीं था. मैं उसे तैयार करता था."

मागच्या रांगेतून एक मुलगा मोठ्याने ओरडला, "मतलब मिस्त्री!"

सगळी शाळा हसली. काकाही हसले आणि म्हणाले, "हां बेटा, मिस्त्री."

मला मात्र जमीन दुभंगावी असे झाले होते.

परत येताना त्यांनी वाटेत मला गजक घेऊन दिली. थंडीचे दिवस होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वाड्याच्या दारापाशी आल्यावर त्यांनी विचारले, "तुला माझी लाज वाटली का गं?" मी मान खाली घातली. तेव्हा ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. दाराच्या पायरीवर बसले, मला शेजारी बसवले आणि म्हणाले, "आमच्याकडे एक वही असते. तिची गोष्ट ऐक."

त्या वहीचे नाव 'फॉर्म ७००'. प्रत्येक विमानाची अशी स्वतंत्र वही असते. उड्डाणाआधी ज्याने इंजिन तपासले तो तिच्यात आपल्या रकान्यात सही करतो. ज्याने चाके आणि पंख पाहिले तो करतो. ज्याने इंधन भरले तो करतो, ज्याने शस्त्रे बसवली तो करतो. सगळ्या सह्या झाल्यावर वही वैमानिकापुढे येते. तो ती वाचतो आणि शेवटची सही करतो. त्या क्षणी विमान त्याच्या ताब्यात जाते. विमान परत आले की काय बिघडले, काय नीट चालले, ते तो पुन्हा वहीत लिहितो.

"वैमानिकाला सगळे विमान उघडून बघायला वेळ कुठे असतो?" काका म्हणाले. "तो सह्या बघतो. माझी सही म्हणजे मी त्याला सांगतो, बाबा रे, हे मी माझ्या हाताने पाहिले आहे, तू जा. तो माझ्या सहीवर बसून वर जातो, समजलीस?"

दहा वर्षांच्या मुलीला त्यातले किती समजले असेल! पण 'सहीवर बसून वर जातो' हे शब्द मनात राहिले.

पुढे कधी दिवाळीत, कधी उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना, काकांच्या नोकरीचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. ते स्वतःहून फारसे बोलत नसत. विचारले की सांगत, आणि सांगताना 'मी' हा शब्द फार कमी वापरत.

१९६५ च्या युद्धात ते पठाणकोटला होते. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमाने अचानक तळावर आली. जमिनीवर उभी असलेली आपली सुमारे दहा विमाने जळाली. काका म्हणत, "आपण रात्रभर जागून तयार केलेले विमान डोळ्यांपुढे जळताना पाहणे म्हणजे काय, ते कोणाला सांगून कळायचे नाही." त्या धड्यानंतर सीमेजवळच्या तळांवर विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधले गेले आणि विमाने एकमेकांपासून दूर पांगवून ठेवण्यावर भर दिला गेला.

त्याचा उपयोग सहा वर्षांनी झाला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अंबाला, जोधपूर, अगदी आपल्या शेजारच्या आग्र्यापर्यंतच्या तळांवर एकाच वेळी हल्ले केले. पठाणकोटच्या धावपट्टीवर खड्डे पडले, पण आडोशातली विमाने वाचली. रातोरात खड्डे बुजवले गेले आणि ४ डिसेंबरला सकाळीच पठाणकोटची हंटर विमाने सीमेपार गेली. त्या एका रात्रीत खड्डे बुजवणारे, गोळे भरणारे, इंधनाचे टँकर अंधारात दिवे न लावता चालवणारे किती हात लागले असतील, याचा विचार करा.

काकांचे काम हंटरवर होते. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार तोफा असत. या चारही तोफा आणि त्यांचे गोळे मिळून एक मोठी पेटी असे. विमान लढून परत आले की रिकामी पेटी खाली उतरवायची आणि भरलेली वर चढवायची, म्हणजे काही मिनिटांत विमान पुन्हा तयार! ऐकायला सोपे वाटते. पण डिसेंबरची पठाणकोटची थंडी, वर ब्लॅकआउट, कागद लावून मंद केलेली बॅटरी, आणि बारीक पिना हातमोजे घालून बसत नाहीत म्हणून उघड्या बोटांनी गार लोखंड धरायचे. बोटांची कातडी निघे. चहा बादलीतून येई, पुऱ्या कागदात गुंडाळून येत. भोंगा वाजला की शेजारच्या खंदकात उडी मारायची, विमाने निघून गेली की बाहेर येऊन जिथे सोडले तिथून पुन्हा मोजायला सुरुवात करायची.

होय, मोजायला. काकांच्या नोकरीतला अर्धा वेळ मोजण्यात गेला, असे ते गमतीने म्हणत. काम सुरू करताना हत्यारे मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची. एखादा पाना विमानात विसरला तर तो कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. वैमानिकाच्या उडत्या खुर्चीला आणि शस्त्रांना लाल पट्ट्या बांधलेल्या सुरक्षा-पिना असतात, त्या काढल्या की मोजून वैमानिकाला दाखवायच्या. सकाळी सगळ्यांनी रांग धरून धावपट्टीवरचे खडे वेचायचे, कारण इंजिनाने एक खडा ओढून घेतला तरी विमान गमावू शकते.

त्या युद्धातली एक रात्र ते नेहमी सांगत, आणि ती त्यांच्या फजितीची होती. काम संपवून हत्यारे मोजली तर एक पेचकस कमी! विमान दहा मिनिटांत निघायचे होते. त्यांच्या जागी दुसरा कोणी गप्पही बसला असता. बहुधा पेचकस बाहेरच कुठेतरी पडला असणार. पण काकांनी तोंड उघडले, "एक पेचकस सापडत नाही. मी सही करत नाही." वरिष्ठ ओरडले, साथीदारांनी शिव्या दिल्या, वैमानिक खाली उभा राहून घड्याळ बघत होता. त्या फेरीला ते विमान गेलेच नाही. बाकीची गेली. पाऊण तासाने पेचकस सापडला, ढकलगाडीच्या चाकामागे. म्हणजे विमानात काहीच नव्हते.

"मग तुमचे चुकलेच की!" मी म्हटले होते.

"पेचकस हरवला ते चुकले," काका म्हणाले. "बोललो ते नाही."

आपण मुलांना १९७१ चे युद्ध शिकवताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांची गोष्ट सांगतो, आणि सांगायलाच हवी. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर विमाने चालून आली. बॉम्ब पडत असताना त्यांनी आपले छोटे नॅट विमान आकाशात नेले आणि लढता लढता वीरगती मिळवली. वायुसेनेतले ते आजवरचे एकमेव परमवीरचक्र आहे. पण काका ही गोष्ट ऐकताना एक वाक्य हळूच जोडत, "त्या थंडीत ते नॅट तयार कोणी ठेवले होते, ते पण सांगत जा." यात सेखों यांचा मोठेपणा तसूभरही कमी करण्याचा हेतू नव्हता. त्यांच्याविषयी बोलताना काकांचा हात आपोआप कपाळाकडे जाई.

त्याच युद्धातली भुजची गोष्टही आता बहुतेकांना माहीत आहे. धावपट्टी उखडली गेली तेव्हा तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाकेला माधापर गावच्या सुमारे तीनशे बायका धावून आल्या आणि त्यांनी तीन दिवसांत ती नीट करून दिली. त्या बायकांपैकी कोणी विमानात पाऊलही ठेवले नसेल. युद्ध असेही लढले जाते.

इकडे लष्करच्या वाड्यात काय चालले होते, ते आईकडून ऐकले. पठाणकोटहून काकूला आणि तान्ह्या मुलाला आगगाडीने घरी पाठवण्यात आले होते. काचांना काळे कागद चिकटवलेले. संध्याकाळ झाली की आजोबा रेडिओला कान लावून बसत. रेडिओ वैमानिकांच्या पराक्रमाच्या बातम्या देई. एअरमनची बातमी कुठून येणार? चौदा दिवस काकू तुळशीपाशी दिवा न लावता, अंधारातच हात जोडून उभी राहत असे. १७ डिसेंबरला युद्ध थांबले. त्यानंतर आठवड्याने एक कार्ड आले, त्यावर चारच शब्द होते, "मी बरा आहे. काळजी..." पुढचा 'नसावी' पुसट झालेला होता.

आता जे सांगणार आहे, ते काकांनी मला फक्त एकदाच सांगितले.

१९९९ चा जून महिना होता. कारगिलचे युद्ध चालू होते. आपल्या ग्वाल्हेरची मिराज विमाने त्यात उतरली होती. २४ जूनला त्यांनी टायगर हिलवर लेझरच्या नेमाने बॉम्ब टाकल्याची बातमी आली तेव्हा सगळ्या शहराची छाती अभिमानाने फुगली. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. धावत काकांकडे गेले आणि म्हटले, "काका, आपली मिराज!" काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या खालच्या पोरांना झोप मिळत असेल का गं?"

आणि मग त्यांनी सांगितले. १९७१ च्या युद्धातल्या पहिल्या काही दिवसांत त्यांनी सही केलेले एक हंटर परत आले नाही. वैमानिक वयाने त्यांच्याहून लहान होता. विमानात चढताना त्याने पिना मोजल्या होत्या आणि हसून मान हलवली होती. ठरलेल्या वेळेला बाकीची विमाने उतरली. काका आडोशापाशी नवी भरलेली पेटी घेऊन उभे राहिले. इंधन संपण्याची वेळ टळून गेली. तरी ते उभेच होते. शेवटी कोणीतरी येऊन म्हणाले, "चला, दुसऱ्या विमानाला ती पेटी लागेल."

विमान शत्रूच्या हद्दीत पडले. ते कसे पडले, हे काकांना कधीच कळले नाही. जमिनीवरून गोळा लागला? दुसऱ्या विमानाने पाडले? की ऐन वेळी तोफा अडकल्या? "फॉर्म ७०० परत आलेल्या विमानाचाच पुढे लिहिला जातो," ते म्हणाले. "त्या पानावर माझी सही आहे, त्याची सही आहे, आणि खाली कोरे आहे. अठ्ठावीस वर्षे मी ते कोरे पान वाचतो आहे."

मला काय बोलावे ते सुचेना. मी म्हटले, "काका, तुम्ही तर सगळे नीट तपासले होते."

"तपासले होते," ते म्हणाले. "हाताने तपासले होते. न पाहता एकही सही मी केलेली नाही. म्हणून तर आजवर झोप लागत आली." मग थोडे थांबून म्हणाले, "पण रोज नाही लागत."

पेचकसाची गोष्ट ते इतक्यांदा का सांगत, ते मला त्या दिवशी कळले. ज्या माणसाने दहा मिनिटे उरलेली असताना सगळ्यांच्या शिव्या खाऊन 'सही करत नाही' म्हटले होते, त्याला पुढच्या कोऱ्या पानापुढे तोंड दाखवता येत होते. त्या रात्री ते गप्प बसले असते आणि पेचकस खरोखर बाहेरच सापडला असता, तरी पुढे जेव्हा ते विमान परत आले नाही, तेव्हा त्यांचा स्वतःवर विश्वास उरला नसता. शूरपणाची माझी कल्पना तोवर फार सोपी होती. हातात शस्त्र घेऊन पुढे जाणे, एवढीच. गर्दीने घाई केली असताना 'अजून झालेले नाही' असे म्हणणे, यालाही तितकेच काळीज लागते, हे त्या गच्चीवर कळले. काका २००८ साली गेले. कोणत्याही वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. त्यांना त्या नकोही होत्या.

तुम्ही म्हणाल, बाईंनी हे आजच का सांगितले? कारण मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी आपल्या सातवी-आठवीच्या मुलांची सहल ओरछाला निघाली, त्या सकाळी बस अडीच तास उशिरा सुटली, हे अनेक पालकांना आठवत असेल. पहाटे साडेपाच वाजता मुले बसमध्ये बसली होती. चालकाने इंजिन सुरू केले, बस दहा हात पुढे घेतली आणि पुन्हा थांबवली. खाली उतरून तो मला म्हणाला, "मैडम, ब्रेक दबता है, पर बैठता नहीं. गाड़ी नहीं ले जाऊंगा." मी चिडले. मुलांसमोरच त्याला बोलले. म्हटले, "कल क्यों नहीं देखा?" तिकडे पालकांचे फोन सुरू झाले होते. त्यातल्या काहींचे शब्द बरे नव्हते, पण माझेही बरे नव्हते. दुसरी बस मागवली, ती येईपर्यंत आठ वाजले.

संध्याकाळी गॅरेजमधून निरोप आला की चाकाजवळची ब्रेकची नळी झिजून तेल गळत होते. ती बस भरल्या मुलांनिशी रस्त्याला लागली असती तर? तो विचार आजही करवत नाही. पण त्याहून मला टोचणारी गोष्ट वेगळी आहे. आदल्या दिवशी सहलीच्या कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे आला होता. त्यात 'वाहन तपासले आहे' असाही एक कागद होता आणि त्याखाली माझी सही होती. मी बस पाहिली नव्हती. कोणी पाहिली, हेही विचारले नव्हते. ज्या काकांनी मला सहीचा अर्थ सांगितला, त्यांच्या पुतणीने न पाहता सही केली, आणि ज्याने हाताने पाहून 'नाही' म्हटले, त्यालाच चारचौघांत बोलली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्या चालकाची मुलांसमोर माफी मागितली. बोलले मुलांसमोर, तर माफीही मुलांसमोरच मागायला हवी होती. तो बिचारा अवघडून गेला. म्हणाला, "मैडम, इसमें क्या बात है, हमारा काम है." मला मंचावरचे काका आठवले. "हां बेटा, मिस्त्री."

तेव्हापासून शाळेत एक साधा नियम केला आहे, आणि विश्वस्त मंडळाने त्याला मनापासून पाठिंबा दिला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सहलीची बस असो, प्रयोगशाळेतला गॅस असो की पाण्याची टाकी, ज्याने स्वतः पाहिले त्याचीच सही, आणि त्याने नाही म्हटले तर काम थांबेल. त्यामुळे उशीर झाला तर दोष माझ्याकडे, त्याच्याकडे नाही. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की असा उशीर झाला तर फोन करण्याआधी क्षणभर थांबा. कोणीतरी तुमच्याच मुलासाठी शिव्या खायला तयार झालेला असतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. वैमानिक व्हायचे स्वप्न जरूर पाहा. तुमच्यापैकी कोणी ते झाले तर सगळ्या शाळेला आनंद होईल. पण वायुसेनेत जायला तेवढे एकच दार नाही. बेळगावजवळच्या सांबऱ्याला एअरमनचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून दरवर्षी मुले, आणि आता मुलीही, अग्निवीरवायू म्हणून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या महाराजपुऱ्याला एखाद्या मिराजच्या पोटाखाली वाकून पिना मोजत असेल. तुमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील आजही हेच काम करतात. 'माझे बाबा' असा निबंध लिहिताना त्यांनी काही वाढवून लिहायची गरज नाही. जसे आहे तसे लिहिले तरी ते पुरेसे मोठे आहे. मला हे पाचवीत कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

पुढच्या वेळी खिडकीबाहेर गडगडाट होईल तेव्हा 'आत कोण बसले असेल' हा प्रश्न जरूर विचारा. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा, "खाली कोण उभे असेल?" कारण ते विमान परत उतरेपर्यंत एक माणूस थंडीत, उन्हात, घड्याळाकडे बघत तिथे उभा असतो. पान पुरे लिहिले जाईपर्यंत तो घरी जात नाही.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या आगाऊ शुभेच्छा. गृहपाठाच्या वहीत पालकांची सही स्वतः करणाऱ्यांनी हा लेख दोनदा वाचावा!

आपली,
प्राचार्या